खुंटीवर नसलेलं ओळखपत्र

"आत जाताना ओळखपत्र दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचं. काही झालं तरी!" कंपनीतून आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि वर्गातल्या ताईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. आपण कुठे आहोत हे कळवायला तिला खुंटी कशाला हवी? नवरा, सासू, आई सगळे दिवसभर विचारत असायचे आणि कुणी विचारलं नाही तर हीच फोन करून सांगायची.

ती खोली होतीच अजब. बिनतारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने कॉलेजशी करार करून प्रयोगशाळेच्या टोकाला बांधून दिलेली. बाहेरून पत्र्याची भलीमोठी पेटी, आतून भिंतींना आणि छताला काळ्या फोमचे टोकदार सुळके. बाहेरचा सिग्नल आत येत नाही, आतला बाहेर जात नाही आणि आवाज तर भिंतीत मुरूनच जातो. मधोमध फिरता चौथरा. त्यावर आपण बनवलेली अँटेना ठेवायची, दार लावायचं आणि ती कोणत्या दिशेला किती जोर लावते ते बाहेर संगणकावर बघायचं. खुंटीवर ओळखपत्र दिसलं की समजायचं, आत माणूस आहे, मोजणी सुरू करायची नाही.

बाळंतपणात दोन वर्षं बुडाल्यावर ती शेवटच्या वर्षाला परत आली होती. वर्गातली मुलं तिला ताई म्हणायची. आज मॅडम दोघादोघांच्या जोड्यांची परीक्षा घेणार होत्या आणि सर्वांत चांगल्या जोडीला कंपनीत वर्षभर शिकाऊ म्हणून घेणार होत्या. घरच्यांना तिने याच जागेचं गाजर दाखवून राजी केलं होतं. ती हुकली असती तर "झाली ना हौस?" हे कुणी तोंडाने म्हटलं नसतं, पण तिला ते रोज ऐकू आलं असतं.

रात्रभर बाळ दातांनी हैराण होतं, त्यामुळे तीही. सकाळी ती अँटेना सरळ बसली आहे ना, हे बघायला आत गेली. दोन मिनिटांचं तर काम! ओळखपत्र पिशवीतच राहिलं. बाहेरच्या पंख्याच्या वाऱ्याने सरळपणा बघायला टांगलेला ओळंबा डुलत होता, म्हणून तिने दार ओढून घेतलं. फोन पाहिला तर रेंज गायब. ती घाईने दाराकडे वळली. मग लक्षात आलं, आता आपल्याला कुणी हाकच मारू शकत नाही. ओळंबा स्थिर होईपर्यंत टेकावं म्हणून ती डाव्या कोपऱ्यातल्या फळीवर बसली.

पुढचं सगळं तिला नंतर लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलं.

तिची जोडीदारीण, जिला सगळे बडबडी म्हणत, नाश्ता करून आली. खुंटी मोकळी, दार बंद. "ताई चौथरा लावून बाळाला फोन करायला गेली वाटतं," असं म्हणून तिने मोजणी सुरू केली. आलेख पाकळीसारखा गुळगुळीत यायला हवा होता. पण अँटेना डाव्या कोपऱ्याकडे वळली की त्याला करवतीसारखे दात फुटत. बडबडीने बाहेरची केबल बदलली, जोड घट्ट आवळले. पुन्हा दात, आणि तेही वेगळेच!

तेवढ्यात सासूबाई बाळाला काखेत मारून प्रयोगशाळेच्या दारात हजर. "माझी सून कुठाय? फोन लागत नाही तिचा!"

"असेल हो इथेच, काकू."

"अगं, ती दर तासाला विचारते, बाळाने शी केली का, कशी केली. आज सकाळपासून एक फोन नाही. मला हे लक्षण बरं दिसेना!"

परीक्षेसाठी येऊन थांबलेल्या मॅडम मात्र आलेखाकडे बघत होत्या. "आत खुर्ची राहिली असती तर दर फेरीला तेच दात आले असते," त्या सावकाश म्हणाल्या. "हे दर वेळी बदलतायत. आत काहीतरी श्वास घेतंय."

मोजणी थांबवून दार उघडलं. ताई फळीवर मुटकुळं करून ढाराढूर झोपली होती. बाळाने आनंदाने किंकाळी फोडली, तशी ती दचकून उठली आणि पहिलं वाक्य बोलली, "शी केली का?"

सगळी प्रयोगशाळा हसली. सासूबाईंनी तेवढ्यात मॅडमना गाठलं. "किरणं-बिरणं लागली नाहीत ना हिला?"

"तुम्ही कानाला लावता त्या फोनपेक्षाही कमी, आजी." मग मॅडम तिच्याकडे वळल्या. हसू पार मावळलं होतं. "खुंटी?"

तिने पिशवीतून ओळखपत्र काढून दाखवलं.

एकाच मोजणीपुरता वेळ उरला होता. या वेळी आलेख अगदी गुळगुळीत आला. "हाच देऊया," बडबडी कानात कुजबुजली. "आधीचे छापलेले फाडून टाक. जागा घालवायचीय का?"

जागा तिला हवीच होती.  पण झोपलेल्या बाळाचा श्वास दोनदा तपासल्याशिवाय दिवा न मालवणारी बाई ती. एकच आलेख पुरी मोजणी म्हणून देणं तिला जमेना. तिने सगळे कागद मॅडमसमोर पसरले.

"ही अँटेना," गुळगुळीत आलेखावर बोट ठेवत ती म्हणाली. मग दातांवर बोट नेलं. "आणि ही मी. या फेरीत बहुतेक कूस बदलली."

बाळाने त्या कागदाचा कोपरा तोंडात घातला. मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

"कंपनीच्या कामाला मोबाइलच्या टॉवरवर गेलात की मोजणी हजारदा बिघडेल," त्या म्हणाल्या. "बिघडलेलीही समोर ठेवणारी आणि का बिघडली ते सांगणारी माणसं मला हवीत. जागा तुम्हा दोघींची. पण खुंटीची शिक्षा आहेच. दर वर्षी नव्या मुलांना ही गोष्ट तू सांगायचीस."

"तिखटमीठ मी लावते!" बडबडी ओरडली.

आता खुंटीच्या वर ते दोन आलेख चिकटवलेले आहेत, एकाचा कोपरा चावलेला. ती नव्या मुलांना सगळं सांगते आणि शेवटी जे म्हणते ते तुम्हालाही आहे. तुमच्या ओळखीत दिवसभर उगाच फोन करणारी कुणी असेलच. आज तिचा फोन आला का? नसेल आला, तर जरा जाऊन बघून या. झोपली असेल तर बाळाला तेवढं उचला आणि दार हळूच ओढून घ्या.