काही आढळले नाही

ऑफिसात त्याला सगळे 'अचूक' म्हणत. हे नाव त्याने कौतुक म्हणून घेतलं होतं. ते कौतुक नव्हतं. प्रोग्रामर म्हणून तो खरंच चांगला होता, पण बोलायला लागला की थांबायचं कुठे हे त्याला कळत नसे. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली पोचेस्तोवर शेजारच्या आजोबांना संभाव्यतेचं गणित शिकवून तो मोकळा व्हायचा. मुलांना चौदा वर्षांपर्यंत फोन देऊ नये. मुलांना भरपूर कंटाळा येऊ द्यावा, त्याशिवाय डोकं चालत नाही. पाढे पाठ करणं म्हणजे गणित नव्हे, पण पाढे पाठ नसतील तर गणिताच्या गप्पाही मारू नयेत. समाजाबद्दल त्याचं एक लाडकं मत होतं आणि ते तो दर पालकसभेत ऐकवायचा: माणसं घाबरतात कारण त्यांना भागाकार येत नाही. मूल हरवल्याच्या बातम्या सगळे मोजतात, सुखरूप घरी आलेली मुलं कोणी मोजत नाही.

बाकीचे पालक माना डोलवायचे आणि आपापलं मूल गाडीत घालून घरी न्यायचे.

त्याची स्वतःची मुलगी मात्र शाळेत एकटी चालत जायची. वय नऊ. घरात तिला खारू म्हणत, कारण दिसेल त्यावर ती चढायची. शाळा सतरा मिनिटांवर, वाटेत दोन सिग्नल, जवळ फोन नाही. तिची आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. हाताने बारीक काम करणारी, मोजकं बोलणारी बाई. सुरुवातीला तिने विरोध करून पाहिला, पण नवऱ्याने कागद-पेन हातात घेतल्यावर हात टेकले. शिवाय खारू खूश होती. वाटेतल्या एका कुंपणाच्या भिंतीवर बसून ती रोज दहा मिनिटं मुंग्या बघायची आणि घरी येऊन त्यांच्या भानगडी सांगायची.

त्या भिंतीसमोरच्या खिडकीतून तिला कोणीतरी बघत होतं. लहान मुलगी, रोज एकटी, बरोबर मोठं माणूस नाही. त्या कोणीतरी एक दिवस फोन केला. वाईट हेतूने केला असेल असं नाही.

फोन बालकल्याण खात्यात गेला आणि तिथून गेला अचूकच्याच प्रोग्राममध्ये. खात्याकडे तक्रारी हजारो आणि अधिकारी मोजके. कुठल्या घरी आधी जायचं ते सांगणारं काहीतरी बनवून द्या, असं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं आणि त्यातला मेंदू त्याने लिहिला होता. तक्रारी, दवाखान्याच्या नोंदी, शाळेतली गैरहजेरी, असं बरंच काही गोळा करून प्रोग्राम प्रत्येक घराला शून्य ते शंभरमधला एक आकडा द्यायचा. सत्तरच्या वर गेलं की पाहणी अधिकारी घरी यायची. नव्वदच्या वर गेलं की मूल आधी बालगृहात हलवायचं आणि चौकशी मागाहून करायची. अशा घरात चौकशीपुरतंही थांबणं धोक्याचं, असं खात्याचं म्हणणं होतं. अचूकला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

खारूने आदल्या वर्षी झाडावरून पडून मनगट मोडून घेतलं होतं. त्याआधी कांजिण्यांमुळे तिची शाळा बुडाली होती. त्यात हा फोन. आकडा एकाहत्तरवर गेला.

पाहणी अधिकारी आली ती शनिवारी सकाळी. पन्नाशीची, शांत आवाजाची बाई, हातात टॅबलेट. आपलाच प्रोग्राम आपल्या दारात आला याची अचूकला गंमतच वाटली. तिला बसवून त्याने समजावलं की शंभर भेटींतल्या साठ तरी फुकट जाणारच आणि त्या जायलाच हव्यात, नाहीतर खरी प्रकरणं हातची निसटतील. तिने ऐकून घेतलं. फ्रिज बघितला, खारूची खोली बघितली, खारूकडून मुंग्यांची हकिगत ऐकली. मग तिने टॅबलेटवर लिहिलं, 'काही आढळले नाही', आणि त्यांना ते वाचूनही दाखवलं. सोमवारी ऑफिसात अचूकने हा किस्सा चवीने सांगितला.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा आली.

या वेळी ती स्वतःच थोडी ओशाळली होती. यादीत नाव आलंय, म्हणाली, यावंच लागतं. पुन्हा फ्रिज, पुन्हा खोली. पुन्हा 'काही आढळले नाही'. ती गेल्यावर बायको भांडी घासत होती आणि तो पुसत होता. नवीन कोणाची तक्रार नाही, काही घडलेलं नाही, मग परत का आल्या, असं तिने विचारलं. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि ओली बशी हातात धरून तो तसाच उभा राहिला, कारण खरं उत्तर त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत, त्याने एक नियम घातला होता: घरी आधी झालेल्या भेटींची संख्या. जुनी आकडेवारी सांगत होती की ज्या घरी आधी भेटी झाल्या, तिथे पुढे काहीतरी निघतंच. म्हणून प्रत्येक भेटीचे सात गुण. कामाची तपासणी करणाऱ्या सहकारी बाईने तेव्हा विचारलंही होतं, की भेट झाली आणि काहीच सापडलं नाही, तरीही सात? त्यावर तो म्हणाला होता की भेटीत काय सापडलं ते अधिकारी आपापल्या शब्दांत लिहितात, कोणी दोन शब्द, कोणी दोन पानं. असला कचरा प्रोग्रामला वाचता येत नाही. भेट झाली की नाही, एवढंच घ्यायचं. त्या बाईने आणखी काहीतरी विचारलं होतं. काय, ते त्याला आठवेना, कारण तेव्हा त्याने ऐकलंच नव्हतं.

म्हणजे अधिकारी येऊन 'काही आढळले नाही' लिहून गेली की आकडा वाढत होता. आकडा वाढला म्हणून ती पुन्हा येत होती. त्याला कॉम्प्युटर उघडायचीही गरज नव्हती. सगळे गुण तोंडपाठ होते. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. आज पंच्याऐंशी. पुढची भेट सहा आठवड्यांनी, आणि त्या संध्याकाळी ब्याण्णव.

"काहीतरी तांत्रिक असेल," तो बायकोला म्हणाला.

सोमवारी तो मॅनेजर मॅडमकडे गेला. या बाईंनीच त्याला कंपनीत घेतलं होतं आणि त्याच्या बडबडीला हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्याने फळ्यावर सगळं मांडून दाखवलं. त्यांना दोन मिनिटांत कळलं, आणि चेहरा उतरला.

"आजवर किती मुलं हलवली असतील?" त्याने विचारलं.

त्यांनी स्क्रीनवर बघून सांगितलं. त्रेसष्ट. परत घरी यायला सरासरी अकरा महिने लागतात. त्या त्रेसष्टांतली किती फक्त या नियमामुळे, ते खात्याकडून जुने कागद मागवल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. अचूक खुर्चीत बसला. त्या त्रेसष्ट घरांमध्येही कोणीतरी ओली बशी धरून उभं राहिलं असेल, आणि त्यांना तर नियम माहीतही नव्हता. त्याला स्वतःची शरम वाटली. अशी शरम त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

बदल करावाच लागेल, मॅडम म्हणाल्या, पण तो समितीपुढे जाईल आणि समिती आता तीन महिन्यांनी बसेल. तोवर प्रोग्रामला कोणी हात लावायचा नाही, हे करारातच आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुला हे आत्ताच कसं सुचलं रे?"

खोटं बोलावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण त्याने सांगितलं, की माझ्याच घरी दोन भेटी झाल्यात.

"मग तुला या कामावर ठेवता येत नाही मला," त्या म्हणाल्या. "आणि बदलाचा अर्ज तुझ्या नावाने गेला, तर समिती काय म्हणेल ते तूच सांग."

दुपारी त्याचं कार्ड प्रोग्रामचं काम चालायचं त्या खोलीच्या दाराला चालेनासं झालं.

पुढचे सहा आठवडे त्याने खात्याला चार पत्रं लिहिली. चारही मिळाल्याची पोच आली. वकिलाने सांगितलं की अजून तुमच्याविरुद्ध काही झालेलंच नाही, तेव्हा दाद कशाविरुद्ध मागणार? खारूला आता तो रोज शाळेत सोडायला जायचा. ती त्याच्या पुढे दहा पावलं चालायची, त्या भिंतीपाशी आली की त्याच्याकडे बघायची, आणि तो मान हलवून नको म्हणायचा. पोहण्याचा क्लास बंद झाला, सायकल बाल्कनीत गेली. ती साधी ठेचकाळली तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा तिच्या कोपरावरचं खरचटलेलं झाकायला त्याने ऐन उन्हाळ्यात तिला लांब बाह्यांचा शर्ट घालायला लावला, आणि तेव्हा तिने पहिल्यांदाच त्याला विचारलं, "बाबा, आपण काही वाईट केलंय का?"

तिसऱ्या भेटीला बायकोने अर्धी रजा काढली होती. दुपारी दोनला अधिकारी आली. अचूक दारातच तिच्यासमोर उभा राहिला आणि आजची भेट नोंदवू नका म्हणून त्याने हात जोडले.

"मी दारात उभी राहिले तेव्हाच नोंद झाली," ती टॅबलेट दाखवत म्हणाली. "आपोआप होते."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. तुम्ही लिहिता ते कोणी वाचत नाही. तुम्ही येता, एवढंच मोजलं जातं. हा नियम मी लिहिलाय, म्हणून मला माहीत आहे. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती.

अधिकारी बाईने टॅबलेट खाली घेतला.

"मी गेली बावीस वर्षं घरं बघतेय," ती म्हणाली. "दारातून आत पाऊल टाकलं की मला कळायचं. मग हा आकडा आला. काही घरांत मला काहीच दिसायचं नाही आणि आकडा मात्र ऐंशी, पंच्याऐंशी. मला वाटलं, आपल्यालाच दिसत नसणार. एवढ्या हुशार लोकांनी बनवलंय." तिने चष्मा काढला. "दोन पोरं तर मी स्वतः हाताला धरून गाडीत बसवली. मोठीने मला आधी तिचं कपाट आवरून दाखवलं होतं."

तिने खारूच्या घराबद्दल पानभर लिहिलं. जपून, शब्द निवडून, मध्येमध्ये चष्मा पुसत. आई-वडील प्रेमळ, मूल आनंदी, घर सुरक्षित, पुन्हा भेटीची गरज नाही. खाली तिने आपला मोबाइल नंबरही टाकला, कोणी विचारलं तर मी येऊन सांगेन म्हणून. आपल्या वरिष्ठांशी आजच बोलते, असंही ती म्हणाली. पण वरिष्ठ सोमवारी येणार होते, आणि यादी रोज संध्याकाळी पाचला निघत होती.

ती गेली तेव्हा तीन वाजायचे होते.

"माझ्या बहिणीकडे जाऊ या," बायको म्हणाली. "आत्ता. निघू."

आकडा पत्त्यावर राहत नाही, मुलाबरोबर जातो, त्याने सांगितलं. पत्ता बदलला की आणखी पाच गुण. बायकोने ते कोणी ठरवलं हे विचारलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत राग होता तसाच त्याच्याबद्दलचा एक परकेपणा होता. तो त्याला सोसवेना.

तो उठून खारूच्या खोलीत गेला आणि कपाटातून तिचे कपडे काढून पलंगावर ठेवायला लागला. प्रोग्रामच्या कामासाठी तो एकदा बालगृहात जाऊन आला होता. तिथे धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग असायचा. कॉलरच्या आत नाव असलं तर कपडा त्या मुलाला मिळायचा, नाहीतर ज्याच्या अंगाला येईल त्याला. टेबलावरचं मार्कर घेऊन तो पहिल्या शर्टावर नाव घालायला बसला, पण शाई पसरून अक्षर फुटलं. बायको आत आली. तिने त्याच्या हातातून मार्कर काढून घेतलं आणि लॅबमध्ये दाताच्या कडा कोराव्यात तसं बारीक, नीट अक्षरात नाव लिहायला लागली. तो एकेक कपडा पुढे करत होता.

खारू दाराला टेकून हे बघत होती.

"सहल आहे का?" तिने विचारलं. "किती कपडे घेऊ?"

आई लिहायची थांबली. बाहेर ऊन रणरणत होतं, भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"थंडीचेही घे," तो म्हणाला.