दसऱ्याचं कुंकू आणि शेषेरावांचं पिस्तूल

शस्त्र हे घराण्याचं तेज असतं. ज्या घरात ते नांदतं, त्या घराकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होत नाही. शेषेरावांच्या घराण्याचं तेज त्या दुपारी अकरा तुकड्यांत स्टीलच्या ताटात पडलं होतं. बारावा तुकडा, करंगळीच्या पेराएवढी एक स्प्रिंग, उडून कुठं गेली ते कळत नव्हतं.

पिस्तूल तसं तळहातात मावणारं. वडलांच्या माघारी परवाना शेषेरावांच्या नावावर झाला, तेव्हापासून त्यातून एकही गोळी सुटली नव्हती; दसऱ्याची पूजा मात्र एकदाही चुकली नव्हती. हळद, कुंकू, अक्षता आणि वरून खोबरेल तेलाचा हात. असे सतरा दसरे. मागच्या निवडणुकीला ते ठाण्यात जमा करायला नेलं, तेव्हा हवालदारानं उलटं धरून टेबलावर आपटलं, तर नळीतून कुंकू सांडलं. "देवघरातून उचलून आणलंत का, मालक?" असं त्यानं विचारलं आणि अख्खं ठाणं हसलं.

आता पुन्हा आचारसंहिता लागली होती. आज शेवटचा दिवस. पाचच्या आत पिस्तूल कंधारच्या ठाण्यात पोचलं नाही तर परवाना रद्द, हे शेषेरावांना पाठ होतं. परवाना गेला की लग्नकार्यात सदऱ्याखाली दिसणारा फुगवटा गेला, आणि फुगवटा गेला की माणसं "शेषेराव, सरका जरा" म्हणायला मोकळी. म्हणून या खेपेला आतून लख्ख करूनच न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोबाईलवर एक जण तसलंच पिस्तूल चाळीस सेकंदांत खोलत होता. शेषेरावांना दीड तास लागला.

"सुपात बघ गं, पडली का," ते बायकोला म्हणाले. उज्वला शेजारीच तूर निवडत होती.

"माझ्या सुपात खडे हायेत. स्प्रिंग न्हाई."

"नीट बघ."

"तुम्हीच उठा की. बसल्या जागी हुडकून राहिलेत."

ते उठले. खाटेखाली वाकले, सतरंजी झटकली, दाराशी जाऊन रस्ता बघितला, परत येऊन पुन्हा तीच सतरंजी झटकली. एवढ्यात शेजारचा व्यंकटी शिडी मागायला आला. शेषेरावांनी झटकन ताटावर पेपर टाकला.

"जेवण चाललंय काय, मालक?"

"हाव."

"बसा, बसा. खाऊन घ्या," म्हणत व्यंकटी तिथंच पाच मिनिटं टेकला. शेषेरावांना नाइलाजानं पेपरसमोर मांडी घालून बसावं लागलं.

तो गेल्यावर उज्वलानं खड्यांच्या ढिगातून काहीतरी उचललं. "ही का? मला वाटलं पेनातली हाय."

साडेतीनची एसटी तोवर निघून गेली होती. पुढची चारला. शेषेराव एकेक तुकडा दुसऱ्यावर दाबून बघायला लागले. एक बसला की आधीचा निसटायचा. उज्वलानं सूप बाजूला सारलं. "शिलाई मशीन खोलते तवा मी काढलेल्या क्रमानं मांडते. तुम्ही चिवडा कालवल्यागत कालवलंय," म्हणाली आणि ताट पुढं ओढलं. वीस मिनिटांत पिस्तूल पिस्तुलासारखं दिसायला लागलं. ताटात एक बारकी पिन तेवढी उरली.

"हिचं काय करायचं?"

"न्हाई बसत तर राहू द्या. मशीनचंबी एखादं उरतंयच."

शेषेरावांनी पिन खिशात टाकली, पिस्तूल कमरेला लावलं आणि पळतच एसटी गाठली. वाटभर ते कमर चाचपत होते. हवालदारानं उघडून बघितलं तर? चाप ओढला आणि सगळंच हातात आलं तर? पाचला दहा कमी असताना ते घामाघूम होऊन ठाण्याच्या टेबलासमोर उभे राहिले.

रामलिंग हवालदारानं पिस्तुलाकडं बघितलंच नाही. यादीवरून बोट खाली नेलं, वर आणलं. "नाव न्हाई तुमचं."

"परत बघा, साहेब."

"बघितलं. यंदा सगळ्यांची शस्त्रं घेत न्हाईत. जिल्ह्याच्या समितीनं परवान्यांची छाननी केलीय. ज्यांच्यापासून शांततेला धोका हाय, तेवढ्यांचीच."

"म्हंजे माझ्यापासून..."

"न्हाई. घरी घेऊन जावा."

तालुक्यात परवानाधारक एकोणसाठ होते. यादीत नावं सात होती.