एकशे अठ्ठावीससाठी ऑइल

जिन्याखालच्या कपाटात सात डबे होते. पाच रिकामे, पत्र्याचे, एकाच जाड ऑइलचे. बाबा त्यांत खिळे आणि वायरींचे तुकडे ठेवत. सहावा त्याच ऑइलचा, अर्धा भरलेला. सातवा प्लास्टिकचा, सीलबंद, पाच लिटरचा. तो मी आणला होता.

आमची फियाट एकशे अठ्ठावीस माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिला एकच काम उरलं: दर शुक्रवारी नमाजानंतर मन्सूराहून दमियातला जाणं. तिथं इनायात आत्या तीन वर्षांपासून अंथरुणावर आहे. तिच्या घरापासून बसचा थांबा दीड किलोमीटरवर, आणि बाबांचे गुडघे दीडशे मीटरनंतर बोलायला लागतात. गाडी चालली तर बहीणभावाची भेट, नाही तर फोन. आणि फोनवर आत्याला नीट ऐकू येत नाही.

मार्चमध्ये उस्ता शहातानं इंजिन उघडून नवा कॅमशाफ्ट बसवला. शहाता वीस वर्षांपासून आमचा मेकॅनिक; हातात कसब असलेल्याला आमच्याकडे उस्ता म्हणतात. कॅमशाफ्ट म्हणजे आठ उंचवटे असलेला एक दांडा; फिरताना एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह दाबतो आणि त्यातून इंजिन श्वास घेतं. या गाडीचा अस्सल दांडा आता सहसा मिळत नाही. शहातानं कैरोला तौफिकियाच्या बाजारात तीन खेपा घातल्या आणि एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावरून तो आणला, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला.

"शेवटचा आहे," तो म्हणाला. "माळ्यावर आता फक्त त्याची मांजर उरलीय."

ऑइल भरायची वेळ आली तेव्हा मी प्लास्टिकचा डबा पुढे केला. शहातानं टोपण काढून वास घेतला, एक थेंब दोन बोटांत चोळला.

"हे पाणी आहे, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही, उस्ता. रसायनशास्त्र शिकलेय."

"तेच ते. सुई टोचत नाहीस एवढंच. हे बघ, जुन्या इंजिनाला जाडच लागतं. त्या लोखंडाला चिकटपणाची सवय झालेली असते. म्हाताऱ्या माणसाला मसुराचं सूप दाट द्यावं लागतं, पातळ दिलंस की सगळं मिशीवरून ओघळतं."

"लोखंडाला कसली सवय?" मी म्हणाले. मग मी त्याला समजावलं: थंड इंजिन सुरू होताना पातळ ऑइल लवकर वर चढतं, झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते, आणि डब्यावरचं दर्जाचं अक्षर जितकं नवं तितकी त्याची चाचणी कडक. हे सगळं खरं होतं. मी पाच मिनिटं बोलले आणि एकही वाक्य चुकीचं बोलले नाही.

"इंजिनाला वाचता येत नाही, पोरी."

"म्हणून तर आपण वाचायचं."

बाबा चहाचा पेला धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी म्हणाले, "शहाता, पोरीनं चार वर्षं याच अभ्यासात घालवलीत. एकदा तिचं ऐकू या."

"ऐका, शौकी बे." बाबांना तो मानानं 'बे' म्हणे. " गाडी तुमची, पोर तुमची. मी आपला बोल्ट आवळणारा." त्यानं ऑइल ओतलं. सव्वाचार लिटर, एक थेंबही न सांडता.

तिसऱ्या शुक्रवारी दमियातहून परतल्यावर बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "नशवा, इंजिनातून टिकटिक येतेय. शहाताला दाखवू का?"

मी कॉम्प्युटरवरून मानसुद्धा वळवली नाही. "पातळ ऑइलमुळे व्हॉल्व्हचा आवाज जरा जास्त ऐकू येतो, बाबा. काही नाही त्यात."

"बरं," ते म्हणाले. "तुला माहीत."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. नंतर आईकडून कळलं की ते गाडीत कुराणपठणाचा रेडिओ मोठ्यानं लावायला लागले होते.

अकराव्या शुक्रवारी दमियातला जाताना फारस्कूरच्या अलीकडे गाडीची ओढ गेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं ती ओढून आणली. आत्या त्या दिवशी जेवण झाकून ठेवायला लावून वाट बघत राहिली.

त्या रात्री मी जे शोधलं ते मार्चमध्ये शोधायला हवं होतं. जुन्या ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक द्रव्य भरपूर असे. धातू धातूवर घासला की त्याचा पातळ थर बसतो आणि झीज वाचते. नव्या कोऱ्या कॅमशाफ्टला तर पहिल्या काही तासांत त्याची फारच गरज असते. नव्या गाड्यांच्या धुराड्यात धूर साफ करणारी जाळी असते, ती या द्रव्यानं निकामी होते, म्हणून नव्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलंय. आमच्या फियाटला ती जाळी नाही. कपाटातल्या अर्ध्या डब्यात हवं ते ऑइल होतं. लोखंडाच्या सवयीची ती गोष्ट मी खोडून काढली, आणि तिच्याबरोबर जाड ऑइल हे शहाताचं उत्तरही चूक धरलं. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याची वही परत केली असती.

शनिवारी सकाळी शहातानं इंजिनाचं झाकण काढलं. मी त्याला सगळं सांगितलं, जस्तासकट. मला वाटलं होतं तो टोमणा मारेल. त्यानं फडक्यानं दांडा पुसून माझ्यासमोर ठेवला.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"उत्तर बरोबर होतं, उस्ता. कारण चुकलं होतं."

"कारण तू सांगायचंस ना मग," तो म्हणाला. "शिकलेली तू आहेस."

बाबा उलट्या क्रेटवर बसले होते. "शुक्रवारपर्यंत होईल का रे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता शहाताला विचारलं.

"आधी मोजू द्या, शौकी बे. नवा होता तेव्हा उंचवटा नऊ पॉइंट दोन होता. साडेआठपर्यंत मी कसंही चालवून देईन. एक जरी त्याखाली असला, तर दुसरा दांडा आणायचा कुठून?"

व्हर्नियर कॅलिपर माझ्या हातात होता. प्रत्येक उंचवटा उंच बाजूनं आणि बसक्या बाजूनं, दोन्हीकडून तीन-तीनदा मोजला, सरासरी काढली, वजाबाकी केली. बाबांना ऐकू जावं म्हणून आकडे मोठ्यानं वाचले. पहिला आठ पॉइंट नऊ. दुसरा आठ पॉइंट सहा. तिसरा नऊ. चौथा आठ पॉइंट सात. पाचवा, सहावा आठ पॉइंट आठ. सातवा आठ पॉइंट सहा.

आठवा पाच पॉइंट चार मिलिमीटर.