काचेच्या थाळीपुरतं औषध

मला डोळ्यांनी शोधू नका. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे शेकडो मावतील. मी औषध वाहून नेणारा एक नॅनोकण. भंडाऱ्यातल्या एका प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहतो.

माझा जन्म झिंग्यांच्या टरफलांतून झाला. परदेशात शिकून परतलेल्या कीर्तीनं ती बाजारातून आणली, धुतली, विरघळवली आणि माझ्या पोटात जंतुनाशक भरलं. लघवीच्या मार्गातले जंतू चिकट थर करून त्याखाली दडतात. साधं औषध वरून वाहून जातं. मी थरात शिरतो.

"आपल्या गावच्या बायांसाठी," ती सगळ्यांना सांगायची.

त्या बायांत पहिली तिची आईच होती. सत्यवतीबाई कोसा रेशमाची लुगडी विणायच्या. हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या की पदर पुरा होईपर्यंत उठायच्या नाहीत; उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायच्या नाहीत. कीर्ती रागावली की म्हणायच्या, "उठलं का हाताचा ठोका बदलते व. पदरावर पट्टा दिसते."

लघवीला जळजळ झाली की दोन दिवस गोळ्या घ्यायच्या. उतार पडला की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात. असं चारदा झालं. पाचव्यांदा कोणतीच गोळी लागू पडली नाही. ताप चढला, दवाखान्यात भरती करावं लागलं.

कीर्तीनं आईचे जंतू काचेच्या थाळीत वाढवले आणि मला त्यांच्यावर सोडलं. सकाळी थाळी स्वच्छ! तिनं तिथूनच आईला फोन लावला.

"मंग आण न थे मले," पलीकडून थकलेला आवाज आला.

"माणसाले देता येत नाही, माय. आधी उंदरावर पाहा लागते. वर्षं जातीन."

"तं मलेच उंदीर समज. जलमभर खड्ड्यातच बसली न मी!"

आई हसली. कीर्तीनं माझी कुपी मुठीत घेतली, दारापर्यंत गेली. शरीरात शिरून मी बरं करीन की मूत्रपिंडच बिघडवीन, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तिनं कुपी परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सत्यवतीबाई गेल्या.

कीर्तीला दोष देऊ नका. तिनं योग्य तेच केलं, आणि तेच तिला सोसवत नाही.

बायांनो, माझी वाट पाहू नका. पाणी प्या, वेळेवर उठा, गोळ्या पुऱ्या घ्या. मला यायला अजून फार वेळ आहे.

इथं बर्फाच्या कप्प्यात एका नळीत सत्यवतीबाईंचे जंतू जपून ठेवले आहेत. आईचं जिवंत असं तेवढंच उरलं आहे. दर सोमवारी कीर्ती त्यातले थोडे थाळीत वाढवते. मला त्यांच्यावर सोडण्याआधी क्षणभर थांबते.

मग सोडते.