एकशे तेरावं पान

तिनं प्रुफांचा गठ्ठा संपादकाच्या टेबलावर आपटला. चहाचा कप वाचला, बशी मात्र खाली गेली.

"शेवटचं पान कुठंय?"

"काढलं, ताई." संपादक बशी उचलायला वाकला होता, तो टेबलाखालूनच बोलला. "मूळ कथेत ते नाहीच."

"मूळ कथेत खून होता! मुलं घाबरतील म्हणालात, त्याची चोरी केली. विषाचं झोपेचं औषध केलं. तेव्हा तुमचं मूळ कुठं उलथलं होतं?"

जुन्या रहस्यकथा मुलांसाठी सोप्या करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. या कथेत दुसऱ्याच प्रकरणात मोलकरणीवर आळ येतो आणि तिला हाकलून देतात. शेवटी गुप्तहेर घरातल्या भाच्याला पकडतो, सगळे त्याची वाहवा करतात आणि मोलकरीण कुणाला आठवतही नाही. म्हणून तिनं एक पान पदरचं घातलं होतं. त्यात मालकीण मोलकरणीच्या घरी जाऊन माफी मागते.

"खरं सांगू?" संपादक खुर्चीत बसला. "सोळा-सोळा पानांचे सात फर्मे. एकशे बारा पानं. तुमचं हे एकशे तेरावं. एका पानासाठी सोळा पानांचा नवा फर्मा छपाईला कोण लावणार?"

"मग दुसरं काहीतरी काढा."

"काय काढू? गुप्तहेराची टोपी?"

तिनं गठ्ठ्यातलं पहिलं पान ओढलं. त्यावर तिचा फोटो होता आणि खाली तिच्या पुरस्कारांची यादी. लाल पेनानं तिनं त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारली.

"हे काढा. झाली एकशे बारा."

घरी आई खिडकीपाशी वाट बघत बसली होती. ऐन उमेदीत ती एका बंगल्यात स्वयंपाक करायची. मालकिणीचं कानातलं हरवलं आणि सगळ्यांदेखत आईची झडती घेऊन तिला घालवून दिलं. कानातलं आठवड्यात गादीखाली सापडलं. आईला ते चार वर्षांनी भाजीवालीकडून कळलं. बंगल्यातून कुणी फिरकलं नाही.

"राहिलं का ते पान?"

"राहिलं."

"मग वाच."

तिनं वाचलं. मालकीण धापा टाकत जिना चढते. दार वाजवते. 'चुकलं माझं,' म्हणते. मोलकरीण डोळे पुसते, 'आत या, बसा,' म्हणते आणि चहा ठेवते.

आईनं पानावर बोट आपटलं.

"आत कशाला घेतलंस तिला?"

"अगं, माफी मागितली ना तिनं."

"मागू दे की. दारातच उभी राहू दे."

तिनं पिशवीतून लाल पेन काढलं. आईनं चष्मा लावला आणि ती ओळ पुरती खोडली जाईपर्यंत नजर हलवली नाही.

"चहापण काढ," आई म्हणाली.