अव्वल खुंटी

मित्रांनो, आमच्या घरात पाऊल टाकलेत की दाराच्या उजव्या बाजूला, विजेच्या बटणांच्या थोडे खाली बघा. तिथे भिंतीतून वीतभर लाकूड बाहेर आले आहे. काळपट, गुळगुळीत, टोकाला जरा वर वळलेले. तीच मी, बाभळीची जुनी खुंटी. माझ्या गळ्यात लोकरीचा एक गोंडा आहे. आता त्याचा रंग विटकरी झाला आहे, पण एके काळी तो लालभडक होता. बैलाचा गोंडा खुंटीच्या गळ्यात कसा, असे आल्यागेल्याला नवल वाटते. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म पैठण रस्त्यावर, चितेगावजवळच्या एका शेतवस्तीवर झाला. रामकिसनदादांनी नवा नांगर करायला टाकला होता. फकिरा सुताराने बाभळीचे खोड तासून नांगर केला आणि उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून माझी खुंटी केली. म्हणजे नांगर माझा थोरला भाऊ. तो शेतात गेला. मी गोठ्यात जाणार, माझ्यावर बैलांची दावी लटकणार, असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते.

पण रामकिसनदादांचे धाकटे भाऊ सांडूभाऊ यांचे मन शेतात रमत नव्हते. त्यांना सायकलीचे वेड. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीस-पंचवीस वर्षे होऊन गेली होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. जालना रस्त्यावर चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते आणि सकाळी भोंग्याच्या आधी त्या रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली दिसत. सांडूभाऊंनी तिथे सायकल दुरुस्तीचे दुकान काढायचे ठरवले. रामकिसनदादांना ते मुळीच पटले नाही. घरात चांगलाच अबोला झाला. शेवटी दादाच बोलले.

"पोळ्यापर्यंत करून बघ. चाललं तर चाललं. नाय चाललं तर पोळा झाला की मुकाट्यानं येऊन नांगर धरायचा."

सांडूभाऊंनी मान हलवली. निघताना त्यांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यातून उचलले आणि पिशवीत टाकले. त्या क्षणापासून त्यांचे आणि माझे नशीब एकच झाले. दुकान चालले तर मी दुकानात राहणार, नाहीतर दोघेही माघारी. ते नांगरामागे आणि मी गोठ्यात.

दुकान म्हणजे विटांच्या तीन भिंती आणि वर पत्रा. मला मधल्या भिंतीत ठोकले. सांडूभाऊंच्या बायकोने, साळूबाईंनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरे वाटले आणि नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "अव्वल काम करा. बाकीचं होत राहील."

सांडूभाऊंनी ते शब्द मनावर घेतले. एखादा माणूस पंक्चर काढायला सायकल ठेवून जाई. सांडूभाऊ ती सगळी उलगडत. तारा एकेक करून रॉकेलने पुसत, साखळी धुऊन तेल घालत, घंटी आरशासारखी घासत. कोणी ब्रेक बसवायला आला की मडगार्डला रंगही लावत. सकाळी उजाडायच्या आत दुकान उघडत आणि रस्त्यावर सामसूम झाली की बंद करत. जेवण तर असेच, उभ्या उभ्या. एवढे राबूनही दुकानात सायकलींची गर्दी वाढतच गेली, कारण बाहेर जायला तयार अशी सायकल क्वचितच असे. गिऱ्हाईक आले की सांडूभाऊ म्हणत, थोडंच राहिलंय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणत.

माझीही तीच गत होती. माझ्यावर टायर आले, ट्यूब आल्या, पान्यांची पिशवी आली. मग कंदील, छत्री, सांडूभाऊंचा सदरा, गिऱ्हाइकांच्या डब्याच्या पिशव्या. मला त्याचे फार कौतुक वाटे. बाभळीचे लाकूड आहे, म्हटले, अजून येऊ द्या. नको म्हणणे मलाही ठाऊक नव्हते आणि सांडूभाऊंनाही.

एके दिवशी सकाळी कडूबा आला. हा बिडकीनकडचा, कारखान्यात नुकताच लागलेला. नोकरी अजून कच्ची होती. आदल्या दिवशी त्याने सायकल टाकली होती ती फक्त मागच्या चाकाच्या पंक्चरसाठी. सायकल नव्यासारखी लखलखत होती. त्याने सीटवर हात टेकला आणि मागचे चाक भसकन खाली बसले. पंक्चर तेवढे राहून गेले होते.

"सांडूभाऊ, सायकल तर लई झकास दिसू राहिली," कडूबा म्हणाला. "आता हिला खांद्यावर घेऊन जाऊ का हार घालून देव्हाऱ्यात ठेवू?"

सांडूभाऊ गडबडीने ट्यूब काढायला धावले. हातातली रिम ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती त्यांनी माझ्यावर फेकली. आणि मित्रांनो, मी भिंतीतून सुटले. विटेचे ढेकूळ, टायर, पाने, कंदील, छत्री, सगळे घेऊन खाली आले. खाली काळ्या रंगाचा डबा होता. तो कडूबाच्या लखलखत्या सायकलीवर पालथा झाला. तेवढ्यात भोंगा वाजला. कडूबा पायी निघाला. थोडा पुढे जाऊन वळून म्हणाला, की उद्यापासून मी नाक्यावरच्या दुकानात जाईन, तिथे सायकलीला रूप येत नाही पण हवा राहते.

साळूबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा सांडूभाऊ त्या पसाऱ्यात बसून होते. पोळा महिन्यावर आला होता. ते म्हणाले, की आता सामान बांधलेलेच बरे. मी मरमर राबलो, अजून काय करायचे राहिले? आणि मग थोड्या रागाने म्हणाले, "तूच म्हणली व्हतीस ना, अव्वल काम करा. एकेक सायकल अव्वल करून देऊ राहिलो मी."

साळूबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ हसल्या.

"अवो, अव्वल म्हंजी आधीचं. जे आधी पायजे ते आधी करा, असं म्हणले व्हते मी. माझे मामा तहसिलात शिपाई व्हते. तिथं अव्वल कारकून असतो. तो काय लई चकचकीत असतो म्हणून अव्वल व्हय?"

खरेच, हा शब्द आमच्या मुलखात निजामाच्या राजवटीपासून रुळलेला. अव्वल म्हणजे उत्तम आणि अव्वल म्हणजे पहिलेही. बायको एक बोलली आणि नवऱ्याने दुसरे ऐकले. एवढ्यावर इतके दिवस घाम गाळला गेला होता. सांडूभाऊही मग हसले. दुकान काढल्यापासून ते पहिल्यांदाच हसले असतील.

साळूबाईंनी विचारले, "आता ह्यात अव्वल काय?"

सांडूभाऊंनी सगळ्या सायकलींवर नजर फिरवली. कुणाची साखळी, कुणाचे पायडल, कुणाचे हँडल. मग म्हणाले, कडूबाची. संध्याकाळी त्याला पायी घरी जावे लागता कामा नये.

"मग बाकीच्याकडं बघूच नका."

त्यांनी पंक्चर काढले, रंग पुसता येईल तेवढा पुसला आणि दुपारी स्वतः सायकल ढकलत कारखान्याच्या फाटकावर नेऊन दिली. कडूबा काय म्हणाला ते मला कळले नाही, मी जमिनीवर पडून होते. पण सांडूभाऊ परत आले ते गुणगुणत.

मग त्यांनी मला सिमेंटात पक्के बसवले. साळूबाईंनी सगळ्या सायकलींच्या कुलपांच्या किल्ल्या एका डब्यात टाकल्या. त्यातली एकच काढून माझ्यावर अडकवली आणि बजावले, की हिच्यावर एका वेळी एकच किल्ली. जिची किल्ली, ती सायकल आधी. ती दाराबाहेर गेल्यावरच दुसरी.

खरे सांगू, मला अपमान वाटला. नांगराची बहीण मी, आणि माझ्यावर बोटाएवढी किल्ली! पण थोड्याच दिवसांत कळले, की ती एक किल्ली अडकवणे हेच दुकानातले सगळ्यात अवघड काम आहे. कारण त्यासाठी आधी ठरवावे लागे. पूर्वी सांडूभाऊ गिऱ्हाइकाला विचारत, काय काय करू? आता विचारू लागले, कधी पायजे? कुणाला भोंग्याच्या आत हवी असे, कुणाला बाजाराच्या दिवशी चालत असे. एकदा सांडूभाऊंना काही ठरवता येईना, म्हणून त्यांनी हळूच दोन किल्ल्या अडकवल्या. साळूबाईंनी भाकरीचे फडके सोडता सोडता ते पाहिले.

"दोन अव्वल असत्यात व्हय? मग माझ्याबरोबर अजून एक बायको करा."

एक किल्ली गुपचूप डब्यात गेली.

घंटी घासणे बंद झाले नाही. पण ते सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. गंमत अशी, की आता वेळ उरू लागला. सायकली येत आणि जात. दिवेलागणीला दुकान बंद होई आणि सांडूभाऊ घरी बसून गरम भाकरी खात. त्यांचे राबणे कमी झाले होते आणि काम वाढले होते. कडूबाही परतला. वर चार मित्रांना घेऊन आला.

पोळा जवळ आला. रामकिसनदादा बैलांसाठी रंग, घुंगरे आणि गोंडे घ्यायला शहरात आले आणि तिथून थेट दुकानावर. सायकलीचे पुढचे चाक वाटेत बसले होते, म्हणून आधीच तापलेले. सायकल भिंतीला लावून ते म्हणाले, "सांडू, हे पंक्चर काढ आधी. मग तुझ्या दुकानाचं बघू."

सांडूभाऊंचा हात थांबला. माझ्यावर कडूबाची किल्ली होती. त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती आणि तो येतच असेल. डब्यात अजून बऱ्याच किल्ल्या होत्या. ज्यांच्या एका शब्दावर दुकान राहणार की जाणार हे ठरायचे होते, ते दादा समोर उभे होते. सांडूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा साळूबाईंकडे. त्या खाली मान घालून स्टोव्हवर चहा करत होत्या.

"दादा, जरा बसा," सांडूभाऊ म्हणाले. "खुंटीवर दुसऱ्याची किल्ली हाय."

"मी तुझा थोरला भाऊ हाय का गिऱ्हाईक?"

"भाऊच हाव तुमी. म्हणून तर बसा म्हणू राहिलो. कडूबाचा भोंगा वाजंल. आपला पोळा उद्या हाय."

रामकिसनदादा गोंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन खोक्यावर बसले. मला वाटले, संपले. आता गोठा. साळूबाईंनी चहा दिला, तोही त्यांनी घुटके घेत, भावावरची नजर न काढता प्यायला. कडूबा आला, सायकल घेऊन भोंग्याआधी निघून गेला. तेवढ्यात एक माणूस आला, सांडूभाऊंनी त्याला कधी पायजे विचारले आणि किल्ली डब्यात टाकली. डब्यातल्या किल्ल्यांची कुठलीच सायकल उद्याच्या आत लागणार नव्हती. मग त्यांनी दादांची किल्ली माझ्यावर अडकवली आणि दुसरीकडे न बघता ते पंक्चर काढून दिले.

दादा उठले. आता ते निघतील असे वाटले, पण ते माझ्याजवळ आले. माझ्यावरून हात फिरवला.

"ही आपल्या नांगराचीच ना रे?"

सांडूभाऊ हो म्हणाले.

"सख्ख्या भावाला ताटकळत ठेवलं हिनं. दुकान चालत नसतं तर तू मला दारातूनच हात धरून आत घेतलं असतं." मग त्यांनी पिशवीत हात घातला, बैलासाठी घेतलेला लाल गोंडा काढला आणि माझ्या गळ्यात बांधला. "उद्या पोळा. इथला बैल हीच दिसू राहिली."

साळूबाईंनी मला हळदकुंकू लावले. मित्रांनो, पोळ्याचा मान मिळालेली खुंटी तुम्ही दुसरी पाहिली आहे का?

पुढे पुष्कळ वर्षे मी त्या भिंतीत मजेत काढली. साळूबाई रोज सकाळी विचारायच्या, "आज अव्वल काय?" आणि सांडूभाऊ किल्ली निवडायचे. एके सकाळी त्या आल्या नाहीत. सांडूभाऊ एकटे आले. डबा उघडला नाही. स्वतःच्या सायकलीची किल्ली त्यांनी माझ्यावर अडकवली, क्षणभर पाहिले, पुन्हा उचलली आणि दुकानाचे दार ओढून घेऊन दवाखान्यात गेले. साळूबाई जिवंत होत्या तोवर ते त्यांच्या उशाशीच बसले. कोणत्याही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. सगळ्यांना तो नियम ठाऊक होता. माझ्यावर आजवर अडकलेली सगळ्यात जड किल्ली तीच.

मग रस्त्यावर मोटारसायकली आल्या, रस्ता रुंद झाला, दुकान गेले. सांडूभाऊंनी मला सिमेंटासकट काढून घरी आणले. इथे सुरुवातीला कुणी माझ्याकडे पाहिले नाही. पुढे पाहिले, आणि पुन्हा जुनीच गत झाली. हेल्मेट, रेनकोट, भाजीच्या पिशव्या, नातीचे दप्तर, तिची नाचाच्या क्लासची पिशवी, चित्रकलेच्या क्लासची पिशवी. मला पेलते सगळे. पण पेलते म्हणून अडकवत राहू नका रे. मी एकदा पडले आहे, म्हणून सांगते. तुम्हीही बाभळीसारखे मजबूत असाल, तरी सकाळी उठल्यावर आपल्या खुंटीवर एकच वस्तू ठेवून बघा. बाकीच्या पळून जात नाहीत.

सांडूभाऊ आता थकले आहेत. तरी सकाळी माझ्यासमोर उभे राहतात आणि तो प्रश्न स्वतःलाच विचारतात. आज त्यांनी माझ्यावरचे सगळे उतरवून खाटेवर ठेवले आणि फक्त छत्री अडकवली. नातीला शाळेत सोडायला त्यांना स्वतः जायचे होते. दोघे एका छत्रीत बोलत बोलत गेले. बाकी सगळे अजून खाटेवरच पडले आहे आणि कुणाचेही काही अडलेले नाही.