माझ्या हँडलवरची बत्ती

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि जुनी म्हणवून घ्यायला मला काडीची लाज वाटत नाही. माझा सांगाडा जाड लोखंडी नळ्यांचा. आजकालच्या सायकली उचलून बघा, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याएवढ्या हलक्या. मला उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक कमरेला हात लावून खाली बसतं.

कारखान्यातून मला घरी आणलं ते एका धारवाल्याने. सुऱ्या, कात्र्या, कुऱ्हाडी, जे काही बोथट असेल त्याला धार लावून देणं हा त्याचा धंदा. त्याने माझ्या पुढच्या नळीवर धारेचा गोल दगड बसवला. दगडाशेजारी लोकरीचं एक लहान चाक बसवलं, धार लावून झाल्यावर पात्याला चमक आणायला. मला स्टँडवर उभं करायचं, सीटवर बसून पायडल मारायचं, की पट्टा फिरायचा, दगड फिरायचा आणि पात्यातून ठिणग्या उडायच्या. गल्लीतली पोरं हातातला खेळ टाकून धावत यायची. बायका खिडकीतून म्हणायच्या, "काय झगमगतंय बघा." म्हणजे उजेड म्हणाल तर तो माझ्यापाशीही होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे उजेडावरूनच सगळं झालं.

वर्षं गेली. धारवाल्याचे गुडघे गेले आणि मी त्याच्या लेकीच्या हाती आले. लेक बापाहून तिखट. पण गिऱ्हाइकं आता लांब गेली होती. गल्लीतल्या बायका बोथट सुरी टाकून नवी आणायला लागल्या. काम उरलं ते मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून लेकीचा मामा, जो गॅरेजवाला आहे, त्याने माझ्या नळ्यांच्या मधोमध एक लहान इंजिन बसवून दिलं.

इंजिनाचं मला काही वाटलं नाही. काळंकुट्ट, तेलाने माखलेलं, सारखं खोकणारं. त्याचं कौतुक कोण करणार? मी त्याला पोटाशी घेतलं आणि कामाला लागले.

मग एका संध्याकाळी चौकात हवालदाराने आम्हाला अडवलं.

"ताई, दिवा कुठंय?"

"सायकल आहे हो साहेब."

"सायकल फटफट करत नाही. इंजिन लागलं की ती गाडी. पुढे पांढरी बत्ती, मागे लाल, नंबराची पाटी, सगळं पाहिजे. तपासणी करून घ्या. तोवर अंधार पडायच्या आत घर गाठायचं."

आता पंचाईत अशी, की हॉटेलांच्या सुऱ्या मोकळ्या होतात दुपारची गर्दी सरल्यावर. धार लावून निघायला दिवस मावळतो. उजेडात परत यायचं म्हणजे निम्म्या सुऱ्या बोथट ठेवून यायचं. आणि असं दोनदा केलं तर तिसऱ्यांदा कोण बोलावतो?

म्हणून ती आली. बत्ती.

मित्रांनो, खरं सांगते, तिला डब्यातून काढली तेव्हाच माझ्या मनातून ती उतरली. गोल गरगरीत तोंड, भोवती चकचकीत कडं. मामाने तिला थेट माझ्या हँडलच्या मधोमध बसवली. माझी घंटी, जी इतकी वर्षं मानाने मध्ये बसायची, तिला सरकवलं कडेला. मागे एक लाल दिवा आणि उजेड पडला की चमकणाऱ्या लाल चकत्याही लावल्या, पण त्या बिचाऱ्या पाठीमागे निमूट बसल्या. ही मात्र पुढे. जो येईल तो हिच्यापुढे वाकून बघणार. मामा म्हणाला, "बघ, सायकलीला कसं तोंड आलं." म्हणजे इतकी वर्षं मी बिनतोंडाचीच फिरत होते म्हणायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी लेकीने फडकं घेतलं आणि बत्ती पुसायला बसली. बत्तीच हो. माझ्या मडगार्डावर बोटभर चिखल होता, तो तिला दिसला नाही. पुसता पुसता तिने काचेवरून अंगठा फिरवला. धार बघायची या घरातली सवय ती. अंगठा थबकला.

"बाबा, काच खरखरीत आहे. रेघाच रेघा आहेत नुसत्या."

खुर्चीत बसलेला बाप म्हणाला, "स्वस्तातला माल. कारखान्यात घासायचे कष्ट नकोत कुणाला. उद्या तपासणीच्या साहेबांसमोर अशी नेणार? लोक म्हणतील, धारवाल्याची लेक आणि घरात खरखरीत वस्तू."

या बापलेकींना खडबडीत काही दिसलं की हात शिवशिवतात. दाराची कडी, चमच्याचा दांडा, सगळं घासून गुळगुळीत. तिने काच काढली, मला स्टँडवर लावलं आणि आधी दगडावर, मग लोकरीच्या चाकावर काच धरून पायडल मारायला लागली. माझ्या चेनीवर, माझ्या पायडलवर, माझ्याच चाकावर त्या काल आलेलीचा शृंगार. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. तिचं वाटोळं होवो, असं मी तेव्हा मनात म्हटलं, आणि दात असते तर दातओठही खाल्ले असते. काच निघाली ती आरशासारखी. बाप म्हणाला, "आता कसं." लेक तिला उजेडात धरून बघत बसली, जशी कधी मला बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या आवारात एक पांढरी भिंत होती, भिंतीवर आडवी काळी रेघ. बत्तीचा उजेड रेघेच्या खाली पडला पाहिजे, असा नियम. साहेबांनी इंजिन सुरू करायला सांगितलं, बत्ती लावली, आणि स्वतःच डोळ्यांवर हात घेतला. उजेड रेघेच्या वर, भिंतीच्या वर, शेजारच्या झाडावर. खाली जमिनीवर तेवढा नाही.

"ताई, हा उजेड आहे की सूड? समोरचा आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईल." त्यांनी काचेला हात लावला. "यावरच्या रेघा कुठे गेल्या?"

लेक छाती काढून म्हणाली, "घासून काढल्या साहेब. एक ठेवली नाही."

साहेब म्हणाले, "अहो, त्या रेघाच उजेड खाली पाडतात. सोमवारी पुन्हा या. तोवर इंजिन बंद. पायडल मारत जा."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाटोळं झालं ना? झालं. लेक जुन्या दिवसांसारखी पायडल मारत होती, इंजिन मुकं होतं, बत्ती खाली मान घालून होती. घरापर्यंत मी जी धावले, तशी कित्येक वर्षांत धावले नव्हते.

घरी मामा वाटच बघत होता. तो म्हणाला, "नुसती काच मिळत नाही गं. अख्खी बत्ती घ्यावी लागेल, आणि ही सायकल अशी खिळखिळी. नवी बत्ती ती धरणार कुठे? माझ्याकडे एक जुनी स्कूटर आलीय. बत्त्या, पाटी, सगळं पास झालेलं. दगड तिच्यावर बसवू. हिला भंगारवाल्याला देऊन टाक."

लेक म्हणाली, "सोमवारनंतर हॉटेलवाले थांबायचे नाहीत, मामा."

ती "नाही" म्हणाली नाही. बाप स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिला. मित्रांनो, भंगार हा शब्द मी कोपऱ्यात उभी राहून ऐकला. माझ्या हँडलवर ती बत्तीही होती. तिनेही ऐकला. तिचं वाटोळं मागायला गेले, आणि त्या वाटोळ्यात मीही उभी होते.

शेवटी बाप म्हणाला, "तुझ्या गॅरेजमागे मेलेल्या गाड्यांचा ढीग आहे ना? त्यात बघ आधी. सोमवार अजून लांब आहे."

मामाने कुरकुरत ढीग उपसला. एका मोडक्या मोपेडच्या तोंडावर तेवढ्याच मापाची काच निघाली. पिवळट, एका कडेला टवका उडालेली, पण रेघांनी भरलेली. ती बत्तीला बसली. आता तिच्या नव्या कोऱ्या तोंडावर माझ्या वयाची काच. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सोमवारी पुन्हा ती भिंत. साहेबांनी बत्ती हाताने हलवून बघितली, मग माझं हँडल. मी एरवी हातभर खुळखुळते. पुढच्या चाकाचा चिमटा हलतो, मडगार्ड वाजतं. त्या दिवशी मी अंगातला एकेक नट आवळून धरला. खालून इंजिन हादरवत होतं, तरी मी हँडल हलू दिलं नाही. बत्तीचा उजेड काळ्या रेघेच्या खाली पडला आणि तिथेच राहिला.

"पास," साहेब म्हणाले.

मामा म्हणाला, "बत्तीने लाज राखली बरं का." बापाने घरी त्या बत्तीवरूनच हात फिरवला. लेकीने घंटी वाजवून बघितली, ती कडेलाच राहिली. मला कुणी काही म्हणालं नाही.

पण त्याच आठवड्यात, दिवस मावळताना परत येत होतो. रस्त्यात मधोमध खणलेला खड्डा, कडेला ना दगड ना फळी. मला तो दिसला नसता. बत्तीने आधी बघितला. तिचा पिवळट उजेड खड्ड्याच्या कडेवर पडला, लेकीने ब्रेक दाबला आणि माझं पुढचं चाक काठावर थांबलं. त्या चाकाचं तिथे काय झालं असतं ते मला माहीत आहे. बत्तीलाही माहीत असावं, कारण ती मान जराही न हलवता खड्ड्याकडे बघत होती.

तिचं कौतुक मला अजून सोसत नाही. ते सोसायचं वय माझं नाही. पण आता तिच्या तोंडावर चिखल उडाला की मलाच चैन पडत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल तर निघण्याआधी तिची बत्ती पुसा. ओल्या मऊ फडक्याने पुसा, आणि काचेवरच्या रेघांना हात लावू नका, त्या कुणाचं तरी डोकं फुटू नये म्हणून आहेत. मागचा लाल दिवाही पुसा, तो कधी तक्रार करत नाही. आणि फडकं ओलं केलंच आहे, तुम्ही खाली वाकलाच आहात, तर माझं मडगार्डही तिथेच आहे.